गार हवेची नळी

ती गेली आणि रविवारचा फोन माझ्या वाट्याला आला. तोवर मुलगा तासभर आईशी बोलायचा आणि शेवटी मला विचारायचा, "काय बाबा, बरं ना?" मी "बरं" म्हणून फोन परत तिच्या हातात द्यायचो. आता बोलणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही ठोंबे. जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. विसरलो असलो तरी घेतलीच म्हणायचं. दोन मिनिटांत कारभार आटपायचा आणि मग अख्खा दिवस माझ्या अंगावर पडायचा.

एका रविवारी काहीच सुचेना, म्हणून मी म्हणालो, "ट्रक चढावर धापा टाकतोय रे."

"हवा कमी पडत असेल. बाबा, आपण त्याला कोल्ड एअर इनटेक बसवू या का?"

पस्तीस वर्षं ट्रक हाकतोय मी, मला काय शिकवतो? पण तोंडातून निघालं, "म्हणजे काय असतं ते?" मग त्यानं समजावलं. इंजिन बोनेटखालची तापलेली हवा ओढतं. त्याऐवजी बाहेरची गार हवा आणून देणारी जाड नळी, आणि तिच्या तोंडाशी मोठा फिल्टर. कंपनीचं काढायचं, हे लावायचं. मी हूं हूं करत ऐकलं. फोन ठेवला तेव्हा एक्केचाळीस मिनिटं झाली होती. तो आकडा मी दोनदा पाहिला.

सोमवारी गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाला हडकुळा आहे, म्हणून सगळे त्याला पाना म्हणतात. पान्यानं जुना फिल्टर काढून माझ्यासमोर आपटला, तर धुळीचा ढग उठला. नवा साधा कागदी फिल्टर टाकला आणि धाप गेली.

"एवढंच होतं काका. इनटेक-बिनटेक कशाला? नाकापेक्षा मोती जड!"

"कुणाला बोलू नकोस," मी म्हणालो. त्याला वाटलं, मी फिल्टर बदलायला विसरलो याची मला लाज वाटतेय.

त्यानंतर सात रविवार आम्ही नळी निवडत होतो. मी आठवडाभर शंका काढून ठेवायचो. उघडा फिल्टर घेतला तर तो बोनेटखालचीच गरम हवा ओढणार, मग गार कसली? डब्यातला घ्यावा का? तेल लावलेला कापडी घेतला आणि तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं तर? नळीचं तोंड खाली असलं आणि साचलेलं पाणी आत गेलं तर? प्रत्येक शंकेवर तो फोटो पाठवायचा, वाचून दाखवायचा, माझ्याशी भांडायचासुद्धा. भांडला की मला फार बरं वाटायचं.

"बाबा, जावई निवडायलाही लोक एवढा घोळ घालत नाहीत!"

"जावई बोनेटखाली बसवायचा नसतो," मी म्हणालो, आणि तो खदखदून हसला. त्याच्या आईसारखा, मान मागे टाकून हसत असणार.

आठव्या रविवारी तो म्हणाला, "मागवून टाकला. डब्यातला, कोरडा फिल्टर, वरून हवा घेणारा. तुमची एकही शंका शिल्लक ठेवली नाही. गुरुवारी येईल."

"एवढी घाई काय होती रे?"

"घाई? दोन महिने झाले बाबा!"

त्या दिवशी चार मिनिटांत फोन संपला.

गुरुवारी खोकं आलं, शुक्रवारी पान्यानं नळी बसवली. तंतोतंत बसली. बोनेट लावलं तर मध्ये चार बोटं जागा. पोरानं माप चोख घेतलं होतं.

रविवारी त्यानं विचारलं, "बसला?"

"नाही रे. नळी बोनेटला घासतेय."

"असं कसं होईल? फोटो पाठवा. आम्ही जरा बाहेर निघालोय, पण बघतो मी."

मी खाली गेलो. बोनेट उघडलं आणि नळीकडे बघत उभा राहिलो. मग स्क्रूड्रायव्हर काढला. आयुष्यात कधी दुसऱ्याचंही चांगलं बसलेलं काम मी बिघडवलं नव्हतं. नळी आवळून धरणारा क्लॅम्प सैल केला, नळी वर ओढून वाकडी केली, फोटो काढला आणि पाठवला. वाटलं, याच्यावर तीन-चार रविवार सहज निघतील. माप चुकलं का, परत पाठवायचं का, दुसरा कुठला घ्यायचा.

मिनिटाभरात उत्तर आलं.

"बाबा, क्लॅम्प सैल आहे. नळी खाली दाबून आवळा. बसेल."

पोरगा हुशार. लहानपणी त्याला याच बोनेटवर बसवून कुठला स्क्रू कुठला, ते मीच शिकवलं होतं. मी नळी खाली दाबली, क्लॅम्प आवळला आणि "बसला" असं कळवलं. त्यावर त्याचा अंगठा आला. मी बोनेट लावलं आणि वर जाऊन गोळी घेतली.