गाडी हलकी केली

हिरडे झोडताना धनगरवाड्यावरची चिमा झाडावरून पडली आणि तिचा पाय मोडला. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. घरात सासरा धुळाजी एकटाच. त्यानं कामट्या लावून पाय बांधला आणि ठेकेदाराची जीप चालवणाऱ्या गेणबाला गाठलं.

"पौडाच्या दवाखान्यापत्तोर सोड, बाबा."

वाट दाखवायला धुळाजी पुढं बसला. चिमाला मागं पोत्यांवर निजवलं.

कारवीतून गुरांची वाट, तिच्यापुढं ओढ्यातले नुसते धोंडे. गेणबानं धाकटा दांडा ओढला तशी पुढची चाकंही जोर करू लागली.

"बगा, आता चारी पायांनी चालतीया. तुमच्या मेंढरावानी."

"मेंढरू येवढं बोंबलत न्हाई," धुळाजी म्हणाला.

गेणबा हसला. "सूनबाई, ठीक हाय न्हवं?"

"बरी हाय ती," सासऱ्यानंच सांगितलं.

मागं हूं नाही की चूं नाही. गेणबाला वाटलं, आपला हातच सफाईचा. मोठा धोंडा चुकवता येत होता, तरी त्यानं जीप त्यावर चढवली, धाडकन उतरवली आणि धुळाजीला विचारलं, "कसं?"

पुढं मागचं चाक अडकलं. दगड काढायला गेणबा मागं गेला. चिमानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. ओठ चावून तो रक्तानं भिजला होता. कामट्या सुटून पाय तिरपा झाला होता.

"आगं, वरडायचं न्हाई व्हय?"

"मामंजी म्होरं हायेत," ती पुटपुटली.

गेणबाची मान खाली गेली. कामट्या पुन्हा आवळताना त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना.

"बाबा, उतरा," तो पुढं येऊन म्हणाला. "गाडी हलकी करायची हाय."

"माजं असं किती वजान?" म्हणत धुळाजी मागं वळला. सुनेनं झटकन पदर तोंडावर ओढला. लाल डाग वर आला. म्हातारा उतरला. पागोटं सोडून त्यानं कानांवरून घट्ट बांधलं आणि काठीनं वाट दाखवत पुढं चालू लागला.

गेणबानं पुढच्या जागेवरची गादी काढून चिमाच्या पायाखाली घातली. जीप म्हाताऱ्याच्या पावलानं निघाली. पहिल्याच धोंड्याला चिमा किंचाळली. कारवीतली पाखरं उडाली.

"वरड, माजे बाय," गेणबा म्हणाला.

सडक लागली तरी धुळाजी गाडीत बसेना.

"बसा की, बाबा."

म्हाताऱ्याचे कान बांधलेलेच होते; त्यानं ओठांवरून ओळखलं असावं. रिकाम्या जागेकडं बोट केलं.

"गादी तिला ऱ्हाऊ दे. म्या येतुया मागनं."