रंगाखालची भिंत

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकडून बाजाराकडे वळलं की जुना टाउन हॉल लागतो. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाडजूड भिंती, कमानींचा व्हरांडा आणि सागवानी कैच्यांवर कौलं. इंग्रजांच्या वेळी कापसाच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तो बांधला, साहेबांची भाषणं ऐकायला. पुढे साहेब गेले आणि त्यांची भाषणंही गेली. रामनवमीचं कीर्तन मात्र राहिलं.

ताराचंदांचं रंगाचं दुकान हॉलच्या समोरच. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास ते दुकानातला सगळ्यात उंची ऑइलपेंट काढत आणि कीर्तनकाराच्या मागची भिंत स्वतःच्या हातांनी भगवी करत. त्यावर पांढऱ्या अक्षरांत रामनाम लिहीत. भिंत अशी चकाके, की समोर उभं राहून भांग पाडावा. ही त्यांची सेवा होती.

यंदा त्यांनी होळीआधीच रंग लावला, तर त्याच भिंतीला फुगे आले, पोपडे पडू लागले. इमारत धोक्याची आहे, कायमचं कुलूप घाला, अशी बोलणी सुरू झाली. महापालिकेने तपासणीला दीक्षाला नेमलं; शेवटचा शब्द तिचा होता. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारी ही आर्किटेक्ट मुलगी इथलीच. तिचे आजोबा धोंडबा याच हॉलमध्ये चौदा एप्रिलच्या जयंतीचा मंच सजवत.

तिने भिंतीवर बोटाने टकटक केलं. "काका, भिंत कमजोर नाही. गुदमरून राहिली आहे. चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते. तुम्ही तिले वर्षानुवर्षं रेनकोट घातला."

"पोरी, उंची माल लावला मी. हलका नाही."

"तेच तर झालं. हलका असता तर कधीचा निघून गेला असता."

व्हरांड्यात वाती वळत बसलेल्या जिजाबाई, म्हणजे ताराचंदांच्या घरधनीण, हसल्या. "घराच्या भिंतीले कधी एक डबा नाही आणला यांनी. देवानंच वाचवलं माझं घर."

दीक्षाही हसली, पण पुढचं तिने स्पष्ट सांगितलं. "रंग पूर्ण काढा. रामनवमीपर्यंत भिंत वाळायले लागली, तर दुरुस्ती करून हॉल चालू ठेवा म्हणून लिहीन. नाही वाळली, तर मले कुलूपच लिहावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ताराचंद खरवडायची पत्ती घेऊन भिंतीपुढे उभे राहिले. समोर त्यांच्याच हातचं रामनाम. पत्ती उचलली, खाली ठेवली. रामनवमी मंडळातल्या माणसांनी तर आधीच हात वर केले होते. देवाचं नाव खरवडायचं पाप आपल्या माथी नको, म्हणाले. ऊन तापत चाललं आणि भिंत तशीच घामेजत राहिली.

अशात सावनेरहून सिंधूताई आल्या. रामनवमीचं कीर्तन त्यांचंच असे. यंदा उभं कुठं राहायचं, ते विचारायला आल्या, तर ताराचंद भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"काहून असे बसले गा भाऊ?"

ताराचंदांनी सगळं सांगितलं. "नाम कसं खरवडू, ताई? हात उठत नाही."

सिंधूताई भिंत न्याहाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूर्वरंग झाला की मी थांबते. तुम्ही बुक्का लावता, हार घालता. तेवढ्या वेळात नाम कोण घेते?"

"आम्ही. ऐकणारे."

"काहून घेता? मले दम घ्यायले मिळावा म्हणून. मी गप्प राहिली म्हणून नाम थांबते काय?" त्यांनी पदर खोचला. "आता या भिंतीची पाळी आहे. इतकी वर्षं हिनं नाम धरलं. हिले दम घेऊ द्या. तोवर नाम आपण घेऊ."

पिशवीतून झांजा निघाल्या. पहिला "श्रीराम" सिंधूताईंच्या तोंडून निघाला, दुसरा ताराचंदांच्या, आणि तिसऱ्याला पत्ती भिंतीला लागली. नावाचे कपटे पायाखाली येऊ नयेत म्हणून जिजाबाईंनी आपलं जुनं लुगडं खाली अंथरलं.

भगव्याचा थर निघाला तसा आत निळा दिसला. संध्याकाळी दीक्षा आली, ती त्या निळ्यापाशीच थबकली.

"हा आजोबांचा हात," ती हळूच म्हणाली. "जयंतीचा."

"मग कोणाचा? आमची रामनवमी झाली की धोंडबा माझ्याच दुकानातून निळा नेत जाय," ताराचंद म्हणाले. "मी त्यालेही उंची मालच दिला वं."

दीक्षा हसत सुटली. निळ्याखाली भगवा निघाला आणि त्याखाली पुन्हा निळा. दोघांच्या भक्तीने मिळून भिंतीचा गळा धरला होता. तिनेही एक पत्ती उचलली. दुसऱ्या दिवशी तिचे काका अंकुश आले, जयंतीच्या समितीतली पोरं आली. ते पाहून मंडळाच्या माणसांनीही मुकाट बाह्या सारल्या. नाम कोणी घेतलं, कोणी नुसतं ऐकलं. थरांच्या तळाशी जुना पांढरा चुना लागला, हाताने घोटलेला.

ज्या उन्हाला नागपूरकरांनी जन्मभर शिव्या घातल्या, ते यंदा कामी आलं.

रामनवमीच्या सकाळी दीक्षाने ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं. ताराचंदांनी डोळे मिटले.

"पायथ्याशी अजून ओल आहे," ती म्हणाली. "पण उतरून राहिली. मी लिहिते, काका. दुरुस्ती. कुलूप नाही. बाकीच्या भिंतीही सोलाव्या लागतील मात्र."

"सोलू."

त्या दिवशी सिंधूताई कोऱ्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. पूर्वरंग संपला, त्या थांबल्या. बुक्का लागला, हार पडला आणि हॉलभर नाम उठलं. भिंतीवर एक अक्षर नव्हतं. साथीला भिंतीलगत उभ्या असलेल्या ताराचंदांनी मागे हात नेऊन तिला तळवा टेकवला. थोडा चुना हाताला लागला. तो त्यांनी बुक्क्याशेजारी कपाळाला लावला.

दुसऱ्या सकाळी अंकुश दुकानात आले. "ताराचंदभाऊ, जयंतीले मंचामागं निळं तर पाहिजेच. आता काय करायचं?"

ताराचंदांनी ऑइलपेंटच्या डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या अंगणातलं भिजवलेल्या चुन्याचं पिंप दाखवलं आणि निळीची पुडी काढली.

"चुन्यात नीळ टाक. भिंतीले चालते, तुझ्या पुतणीले विचारलं मी. पुढच्या वर्षी आमच्या भगव्याचा गेरूही यातच भिजवू."

"अन् हे उंची आहे ना?" अंकुशनी विचारलं.

"सगळ्यात हलकं आहे," ताराचंद म्हणाले आणि पिंप ढवळायला लाकूड शोधू लागले.