खालचा दोरा

मी शिंप्याच्या दुकानातला म्हातारा पक्षी. आज जरा बोलू द्या. गोड बोलायची सवय नाही, आधीच सांगतो. पिंजऱ्यात जन्मलो, शिलाई मशीनच्या खडखडाटात वाढलो. जोडीला एक मादी. दाण्यावरून रोज मला टोचायची.

तरी ओरडायचो मात्र मिळून. माझं ‘कूक’ निघालं की त्याला चिकटून तिचं ‘टिर्र’. मध्ये फट म्हणून नाही. का ओरडायचो? मला काय ठाऊक! शिंप्याची बायको म्हणायची, माया आहे. एक मास्तर कपडे टाकायला आले, ते म्हणाले, आपली हद्द राखतात. हातभर पिंजऱ्यात कसली डोंबलाची हद्द? आणि टोचणारीची कसली माया?

घोळ तिथंच झाला. फट नसल्यामुळे शिंप्याला वाटायचं, सगळं मी एकटाच म्हणतो. मेहुण्यानं पक्षी मागितला, तर म्हणाला, "ती मुकी ने. नुसती बसून खाते."

"दाजी, पक्ष्याबद्दलच बोलताय ना? नाहीतर ताईला सांगतो!"

हसत हसत घेऊन गेला तिला.

सकाळी मी ‘कूक’ म्हटलं आणि थांबलो. पुढं काहीच नाही. पुन्हा म्हटलं. वाटलं, माझाच आवाज मध्ये तुटला. सगळा दाणा आता माझा, पण गिळवेना. पिसं गळायला लागली.

"अहो, हा असा अर्धवट का ओरडतोय?"

"म्हातारा झालाय. घसा बसला."

"घसा कसला बसतोय! थांबतोय बघा तो. कुणीतरी पुढचं म्हणेल म्हणून."

शिंपी पाय मारतच होता. कापड उचललं तर शिवणच नाही. खालच्या दोऱ्याची बॉबिन रिकामी! मशीन आपलं धडधडतंय, टाका एक नाही. तो बॉबिनकडे बघत बसला, मग माझ्याकडे.

"अगं, खालचा दोरा मी तुझ्या भावाला देऊन टाकला!"

"काय बरळताय?"

तोवर त्यानं चपला घातल्यासुद्धा.

आत्ताच तिला आणून सोडलंय. माझ्याकडे पाठ करून बसलीय. मी ‘कूक’ म्हटलं, ती गप्प. पुन्हा म्हटलं, गप्पच. शिंप्यानं मशीन थांबवलंय, बायको ओल्या हातांनी दारात उभी. मलाही वाटलं, संपलं आपलं.

आणि तिनं ‘टिर्र’ केलं. माझ्या आधी! असं कधी झालं नव्हतं. आता मधे शिरायचं कुठून, तेच कळेना. माया की हद्द, ते तुमचं तुम्ही ठरवा. सरका बाजूला, ती थांबलीय.