कच्चा ढीग

तागाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ताग मुरला की नाही ते सांगणाऱ्या म्हाताऱ्याला गिरणीत सगळे 'थर्मामीटर' म्हणत. नाव थट्टेनं पडलं होतं, पण एकतीस वर्षांत त्याच्या हाताला कुणी खोटं पाडलं नव्हतं. तेलपाणी शिंपडलेला ताग रचून, झाकून दोन दिवस ठेवायचा. आतून तो तापतो, टणक बुडखे मऊ पडतात, आणि मगच तो पिंजायला जातो. थर्मामीटरनं हात घालायचा, वहीत 'मुरला' लिहायचं आणि सही करायची. त्या सहीशिवाय ढिगातली एक पेंडी हलत नसे.

मग नवं पिंजणयंत्र आलं. यंत्र बसवणारा इंजिनिअर सगळ्यांसमोर बजावून गेला की ताग पुरता मुरलेलाच घाला. पण मॅनेजर म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. यंत्र तिप्पट वेगानं ताग खातं, तर ढीग दोन दिवस झोपवायचा कशाला, असं त्यानं डोकं लढवलं. दोनाचा एक दिवस झाला, आठवड्यात एकाचा अर्धा झाला.

पहिल्याच दिवशी थर्मामीटरनं सांगितलं होतं, ढीग नुसता कोमट आहे. त्यावर मॅनेजर म्हणाला की आता काम यंत्र करतं, कोपर नाही; आणि कोपराला काम उरलं नाही, तर कोपराच्या मालकाचं काय करायचं तेही बघावं लागेल. म्हातारा 'मुरला' लिहून मोकळा झाला. खोटी सही फक्त पहिल्या वेळी जड जाते. पुढं हात आपोआप चालतो, हे कुठल्याही कचेरीत जाऊन विचारा.

आणि त्या यंत्रावर ताग घालायला होती त्याचीच सून. चाचणी देऊन निवडलेली, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. सहा महिने धड गेले की नोकरी कायम. नवरा पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शाळेत. सगळं घर तिच्या त्या कायम होण्याकडे डोळे लावून बसलं होतं.

कच्चे बुडखे आले की यंत्र अडायचं. अडलं की कुणाच्या पाळीत अडलं, हे आपणहून नोंदवून ठेवायचं. ढीग कच्चा होता हे नोंदवायची सोय मात्र त्या शहाण्या यंत्रात कुणी केली नव्हती. मग सुनेनं यंत्र बंद करायचं, झाकण उघडायचं, काट्यांत रुतलेले बुडखे बोटांनी उपसायचे, पुन्हा चालू करायचं. एका पाळीत चाळीस चाळीस वेळा. तिच्या नखांभोवतीची कातडी सोलून निघाली, पीठ मळताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. सासरा समोर पेपर धरून बसलेला असे. आज सांगू, आज सांगू म्हणता पान उलटून टाकत असे.

तिसऱ्या आठवड्यात तिला ऑफिसात बोलावणं आलं. सासऱ्यालाही बोलावलं, तेव्हा त्याला वाटलं, घरचं माणूस म्हणून असेल. मॅनेजरनं यंत्राची नोंद वाचून दाखवली. सून म्हणाली, ताग कच्चा येतो, त्याला मी काय करू? मॅनेजर याच वाक्याची वाट बघत होता. त्यानं ढिगाची वही तिच्यापुढं सरकवली. अठरा दिवस, अठरा सह्या.

"माल चोख आहे, तुझ्या सासऱ्यांचीच सही आहे," तो म्हणाला. "म्हणजे खोट तुझ्या कामात आहे. उद्यापासून येऊ नकोस."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर सासऱ्यानं वळून दिलेला. म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजरचा संताप आलाच, पण त्याहून जास्त आला स्वतःच्या त्या वळणदार सहीचा.

"सही माझी आहे आणि खोटी आहे," तो म्हणाला. "एकही ढीग मुरलेला नव्हता. तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं."

मॅनेजरचा आवाज अजिबात चढला नाही. खोटी नोंद करणाऱ्याला घरी जावं लागतं, याची त्यानं आठवण करून दिली. शब्द मागे घ्या, दोघांतली एक नोकरी तरी वाचेल, असंही वर सुचवलं. म्हाताऱ्यानं वही उचलली आणि तडक पिंजणखात्यात जाऊन त्या दिवशीच्या ढिगावरचं झाकण ओढून काढलं. यंत्रावरच्या बाया काम सोडून भोवती आल्या. मागोमाग आलेल्या मॅनेजरला तो म्हणाला, घाला हात. मॅनेजर शर्टाच्या बाहीकडे बघत राहिला. तेव्हा सुनेनंच पुढं होऊन कोपरापर्यंत हात आत घातला. आत गार होतं, सकाळच्या फरशीसारखं.

"मामंजी, हे रोज असंच होतं?"

त्यानं मान हलवली. मग सगळ्यांसमोर एकेक 'मुरला' खोडून अठरा वेळा 'कच्चा' लिहिलं आणि प्रत्येकाखाली पुन्हा सही केली. ढीग दोन दिवस मुरल्याशिवाय यंत्राला हात लावणार नाही, असं बायांनी सांगून टाकलं. तासाभरानं मॅनेजरला नमतं घ्यावं लागलं. सुनेची नोकरी राहिली. सासऱ्याला त्याच दुपारी फाटकाबाहेर काढलं.

पाळी सुटेपर्यंत तो फाटकापाशी थांबला. छाती जराशी पुढं काढूनच, कारण त्याच्या मते त्यानं चूक निस्तरली होती. सून बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, माझी गेली तर गेली, तुझी राहिली, झालं ना सगळं ठीक?

"तुमची नोकरी गेली, त्याचं मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण मी घरी येऊन रडत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, यंत्र नवं आहे, सवय होईल. तो मॅनेजर परका होता, मामंजी."