खाटेवरचा कवडसा

मी आरसा बोलतो आहे. पण चेहरे दाखवणारा नव्हे. माझ्यासमोर उभं राहून कुणी कधी भांग पाडला नाही. अंगावर पडलेलं ऊन समोरच्या काळ्या नळीवर एकवटावं, म्हणून मला घडवतानाच बाक दिला गेला. रुग्णालयामागच्या मोकळ्या जागेत आम्ही शेकडो आरसे रांगांनी उभे होतो. सूर्य सरकेल तशी यंत्र आमची मान वळवी.

नळीतलं तेल तापे, त्यावर पाण्याची वाफ होई आणि वाफेवर वीज. उरलेली ऊब गरम पाण्यावाटे वृद्धांच्या कक्षात, भिंतीलगतच्या नळ्यांतून फिरे. त्यापायी वीज थोडी कमी निघे, पण ऊन सत्कारणी लागे. कक्ष इतका उबदार असे, की ऐन थंडीतही खिडकीचं एक दार उघडं राही. म्हणून मला आतलं ऐकू येई.

त्या खिडकीपाशी आमच्या फिटरची आत्या होती. त्याला लहानाचा मोठा तिनंच केला. मधल्या सुट्टीत तो तिचे तळवे चोळायला जाई.

“पाय चोळतोस की नटबोल्ट आवळतोस रे मेल्या?” ती म्हणे.

“सैल झालेत ना पण!” तो हसे.

पुढे आमची कार्यक्षमता तपासायला पाहुणे येणार असं ठरलं. ते मोजणार होते फक्त वीज. वीजकेंद्राच्या साहेबांनी फिटरला आमच्या रांगेतच गाठलं.

“वॉर्डाकडचा व्हॉल्व बंद कर. वीज वाढली पाहिजे.”

“साहेब, म्हातारी माणसं आहेत तिकडे. थंडी बघताय ना?”

“ब्लँकेटं दे. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“माझी आत्या आहे तिथं.”

“मग तिला दोन दे.”

फिटरनं व्हॉल्वची झडप फिरवून बंद केली. उरलेली ऊब पाणी निववणाऱ्या उंच मनोऱ्यातून ढगासारखी आभाळात जाऊ लागली. आम्ही एक किरणही राखून ठेवला नव्हता. आकडा चढला, पाहुणे खूश झाले, मुक्काम लांबला. खिडकी आता बंद असे. काचेआड आत्या पाय पोटाशी घेऊन निजलेली दिसे. एका सकाळी फिटर तिचे तळवे चोळतच राहिला, सिस्टरनं त्याचा हात धरेपर्यंत.

चढलेला आकडा उतरू नये म्हणून साहेबांनी त्या झडपेचं चाकच काढून ठेवायला लावलं. फिटरनं नोकरी सोडली. त्याआधी वादळात मी फुटलो होतो. जाताना त्यानं भंगारातून माझा एक तुकडा उचलला आणि कवडसा आत्याच्या खाटेवर पडेल असा खिडकीबाहेर तारेनं बांधला. नेमका उशीवर, कदाचित तिचा चेहरा त्याला तिथंच दिसत असावा.

आता त्या खाटेवर एक आजोबा आहेत. मी काचेला खेटून असल्यानं बंद खिडकीतूनही मला आतलं ऐकू येतं.

“सिस्टर, डोळ्यांवर येतंय हो!”

सिस्टर पडदा ओढते.

“पाय मात्र गार पडलेत.”

“बघते हं, आजोबा.”

सिस्टरची पावलं पुढच्या खाटेकडे जातात. मी पडद्याच्या पाठीवर ऊन ओतत राहतो.

उशीवरून पायांपर्यंत उतरायला मला केवळ बोटभर कलायचं आहे. एकेकाळी यंत्राच्या जोरावर दिवसभर सूर्यामागे मान वळवणारा मी, एवढं मात्र मला स्वतःहून जमत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं गेलात, तर माझी कार्यक्षमता विचारू नका. तार थोडी सैल करा, मला जरा खाली वाकवा. आणि आत जाऊन तेवढा पडदा सरकवा.