मशीनवरचं प्लास्टिक

डॉक्टरसाहेबांच्या घरी सोफा येऊन बरेच दिवस झाले होते, पण तो अजून नवाच होता. त्याच्यावरचं प्लास्टिक कोणी काढलंच नव्हतं. पाहुणे आले की त्यावर बसत आणि उठताना चर्रर्र आवाज होई. एरवी घरची माणसं समोरच्या खुर्च्यांवर बसून सोफ्याकडे बघत.

"बाळ्या," निवृत्त शिक्षिका असलेली त्यांची आत्या म्हणे, "सोफा आपण आणलाय, की सोफ्याने आपल्याला ठेवून घेतलंय?"

डॉक्टर हसत. हसण्याने प्लास्टिक निघत नाही.

वाचकहो, डॉक्टरांना लगेच नावं ठेवू नका. आधी आपल्या टीव्हीचा रिमोट कोणत्या पिशवीत आहे ते बघून या.

डॉक्टर ज्या सरकारी दवाखान्याचे प्रमुख होते, तो परदेशी मदतीवर चाले. ज्या रोगाला बाहेर कोणी वाली सापडला होता, त्याला खोली होती; बाकीच्या रोगांना व्हरांडा. प्रकल्प संपला की पाटी खरवडून तिच्यावर पुढच्या प्रकल्पाचं नाव रंगवत. खोली तीच, छताची गळतीही तीच.

यंदा दम्याचं नशीब उघडलं. एका संस्थेने ऑक्सिजनचं मशीन पाठवलं. सोबत निरोप आला, 'समारंभाआधी वापरू नये.' फोटोत मशीन कोरं दिसायला हवं होतं. समारंभ दोनदा पुढे गेला. मशीन प्लास्टिकमध्ये, खोली कुलपात, दाराला लाल फीत आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात. अखेर संस्थेच्या पाहुण्यांनी उद्याचा दिवस नक्की केला होता.

आणि आज सकाळी रस्त्यापलीकडचा शिंपी बायकोला धरून घेऊन आला. बाईची छाती भात्यासारखी हलत होती. एक शब्द बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागे.

"साहेब, खोली उघडू?" सिस्टरनी विचारलं.

"आज? अहो, उद्या पाहुणे यायचेत!" डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी लिहिली. दारात गाडी उभी होती, पण ती बाळंतिणींच्या प्रकल्पाची. शिंपीण बाळंतीण नव्हती.

"मशीन बिघडलंय का, साहेब?" शिंप्याने विचारलं.

"नाही. नवीन आहे."

"मग बरोबर आहे," शिंपी म्हणाला. कोऱ्या कापडाला कात्री लावायची धास्ती त्यालाही ठाऊक होती. बायकोला घेऊन तो बसथांब्याकडे निघाला.

दुपारी शेजाऱ्यांनी रिक्षातून आत्याला आणलं. दमा तिला जुनाच होता, पण ओठ असे निळे कधी पडले नव्हते. डॉक्टरांनी फीत ओढून तोडली, कुलूप उघडलं, प्लास्टिक दातांनी फाडलं. मशीन घुरघुरू लागलं. हळूहळू आत्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"छान चालतंय की हो!" सिस्टर म्हणून गेल्या. "सकाळी त्या शिंपिणीला..." आणि त्यांनी जीभ चावली.

आत्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "कोण शिंपीण?"

"मोठ्या इस्पितळात पाठवली, आत्या. तू बोलू नकोस."

"का पाठवली? सकाळी हे मशीन नव्हतं?"

"अटी असतात गं. उद्या त्यांनी मदत बंद केली तर सगळ्यांचंच नुकसान."

"मग आत्ता कशी मोडलीस अट?"

"तू घरची आहेस!"

"आणि ती काय दुकानातली?" आत्या धापा टाकत म्हणाली. "त्यांनी हवा पाठवली, बाळ्या. अट घालणारे चुकले असतील. पण एक बाई गुदमरतेय, आम्ही मशीन लावतोय, एवढं फोनवर सांगायला तुझी जीभ का उचलली नाही? ते नाही म्हणाले असते तर दोष त्यांचा होता. तू विचारलंसच कुठे?"

खरंच! विचारलंच नव्हतं! मशीन आल्यापासून एकदाही नाही. डॉक्टरांचे कान तापले. आत्याला सिस्टरवर सोपवून ते बाहेर धावले आणि बाळंतिणींच्या गाडीत बसले.

"पेशंट बाळंतीण आहे ना, साहेब?" ड्रायव्हरने नियमाप्रमाणे विचारलं.

"आहे असं समज आणि चल!"

बस आलीच नव्हती. थांब्यावर शिंपीण गाठोड्याला टेकून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. शिंपी तिला वारा घालत होता, डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीने.

दवाखान्यात आत्या आपणहून बाकावर येऊन बसली आणि तिच्या जागी शिंपिणीला निजवलं. अंधार पडेपर्यंत तिचा श्वास बराचसा ताळ्यावर आला. शिंप्याने हात जोडले. "आमच्यापायी तुमचं नवं मशीन वापरलं गेलं, साहेब. माफ करा."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर डॉक्टरांना ताठ मानेने उभं राहता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. दाराला फीत नव्हती आणि मशीनला शिंपीण जोडलेली होती.

"उद्घाटन कोणी केलं?" संस्थेच्या साहेबांनी आवाज चढवला.

"माझ्या आत्याने," डॉक्टर म्हणाले. "करायला हवं होतं या बाईंनी, काल सकाळी. मी त्यांना परत पाठवलं. तुमच्या अहवालात हेही लिहा. आणि ती अट काढून टाका, एवढी विनंती."

साहेबांनी फोटोवाल्याला कॅमेरा बंद करायची खूण केली. अटीचं बघू, म्हणाले. बघतायत अजून.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी घरी येऊन सोफ्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. आत्या ऐसपैस टेकून बसली.

"ये, बस."

"नको आत्या," डॉक्टर म्हणाले, "आज नको." आणि ते समोरच्या खुर्चीवर बसले.

नागरिकहो, मदत देणाऱ्याच्या हातून निघते, सही-शिक्क्यांनिशी दारात येते, आणि तिथेच आपण तिला कुलूप घालतो. ती पोहोचते गरजवंताच्या उपयोगी पडते तेव्हाच. मोडायची वेळ आली तर आपल्या माणसासाठी जो नियम आपण क्षणात मोडतो, तो परक्यासाठी पाळताना थोडी तरी लाज वाटू द्या. डॉक्टरांना वाटली. जरा उशिरा. बसला उशीर झाला, म्हणून निभावलं.