सात नंबरच्या वर्गातला प्लॅटफॉर्म

मित्रांनो, दोंडाईच्यातल्या एका कॉलेजात सात नंबरचा वर्ग आहे. त्या वर्गात फळ्याखाली खिडकीपासून दारापर्यंत पसरलेला जुना लाकडी प्लॅटफॉर्म म्हणजे मी. माझी उंची जेमतेम वीतभर. पण या वीतभर उंचीचा मला भारी अभिमान आहे आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

पितांबर मिस्त्रींनी मला घडवलं. खालचा सांगाडा बाभळीचा, वरच्या फळ्या सागाच्या. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर त्यांनी माझ्यावर थाप मारली आणि इथल्या बोलीत म्हणाले, "येनावर मास्तर लोके उभा ऱ्हातीन. कुरकुर करजो नको, बरं!" आजवर मी त्यांचा शब्द पाळला आहे. पावसाळ्यात फुगलो तेव्हा थोडी कुरकुर झाली असेल, पण तेवढं चालायचंच.

माझ्यावर किती प्राध्यापक उभे राहिले! चपलांवरून मी माणूस ओळखतो. घाबरलेला नवखा टाचा घासतो. तयारी न करता आलेला एकाच जागी खिळून राहतो. आणि अर्थशास्त्राचे हितेंद्र सर? ते खिडकीपासून दारापर्यंत असे चालायचे की माझ्या प्रत्येक फळीला वाटावं, हा तास आपल्यासाठीच आहे. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं. शिकवून झालं की "घ्या लिहून" म्हणायचे आणि साठ-सत्तर माना एकदम खाली जायच्या. शेवटी ते विचारायचे, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "हो सर!" तो सूर ऐकला की मला कृतकृत्य वाटायचं. शिकवणं याहून वेगळं काही असतं, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग अर्थशास्त्र शिकवायला दिपमाला मॅडम आल्या. मुक्ताईनगरकडच्या, नोकरीसाठी इकडे आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी काय केलं असेल? माझ्यावर आपली पर्स ठेवली आणि स्वतः बाकांच्या मधल्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या! मित्रांनो, मी रागाने लाल झालो असतो, पण माझा रंग आधीच तपकिरी.

त्यांची तऱ्हाच निराळी होती. त्या आधी एक प्रश्न टाकायच्या. उत्तर 'हो' असेल तर एक बोट वर, 'नाही' असेल तर दोन. मग म्हणायच्या, "आता शेजाऱ्याला पटवून दाखवा. घरी बोलता तशा भाषेत बोला, पुस्तकी भाषेत नंतर लिहू." थोड्या वेळाने पुन्हा बोटं वर. ज्याचं मत बदललं, त्याने ते का बदललं हे सांगायचं. मॅडमची बोली वेगळी, मुलांची वेगळी. एखादा शब्द अडला की त्या सरळ विचारायच्या, "म्हणजे काय रे?" आणि मुलं त्यांना हौसेने समजावून द्यायची. मी मनात नाक मुरडायचो. मास्तरांनीच विचारायचं, म्हणजे काय?

पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. पूनम नावाची एक मुलगी मागच्या बाकावर बसायची. जवळच्या खेड्यातून एसटीने यायची. हितेंद्र सरांच्या तासाला वर्षभर तिच्या तोंडून 'हजर' सोडून दुसरा शब्द फुटला नव्हता. ती आता शेजारणीशी हातवारे करून वाद घालायची. सगळ्यांसमोर उठून बोलण्याचा धीर मात्र तिला अजून झाला नव्हता.

आता साठ-सत्तर तोंडं एकदम सुटली की कलकलाट होणारच. पलीकडे आठ नंबरमध्ये हितेंद्र सरांचा तास असायचा. त्यांनी तक्रार केली आणि त्यांची तक्रार काही खोटी नव्हती. प्राचार्य अभिमन सर एके दिवशी तास चालू असतानाच दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, गुरुवारी मी तुमच्या तासाला बसतो," ते म्हणाले. "असाच गोंधळ दिसला, तर हा वर्ग हितेंद्र सरांकडे द्यावा लागेल." मॅडम फक्त "बरं सर" म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. पोरांना त्या लळा लावून बसल्या होत्या, हे मलाही दिसत होतं.

मॅडम गेल्यावर मुलांची तिथेच सभा भरली. युवराज नावाचा मुलगा, मिरचीच्या व्यापाऱ्याचा, सगळ्यांच्या पुढे. तो बाकावर चढून म्हणाला, "गुरवारले कोनी तोंड उघडानं नही! बठ्ठा चूपचाप बसा. मॅडमना वर्ग वाचाले पाह्यजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बेत एकदम पसंत पडला. शांत वर्ग तो चांगला वर्ग, हे तर मी जन्मापासून ऐकत आलो होतो.

गुरुवार उजाडला. अभिमन सर मागच्या बाकावर जाऊन बसले, नेमके पूनमच्या शेजारी. विषय होता मागणीची लवचिकता. मॅडमनी विचारलं, "मिरचीचा भाव दुप्पट झाला तर लोक मिरची घेणं बंद करतील? बोटं वर करा." एकही बोट हललं नाही. "बरं, शेजाऱ्याशी बोला." सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले. मॅडम गोंधळल्या. एकेकाकडे पाहू लागल्या. मुलं वह्यांत डोकं खुपसून बसली होती. मग त्यांना काय झालं ते उमगलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

अभिमन सर मात्र खूश होते. ते उठले. "चांगली शिस्त आहे, मॅडम. उगाच तक्रार आली म्हणायची," असं म्हणत दाराकडे निघाले. सुटलो! मी मनात म्हटलं, बाई, आता गप्प बस. वर्ग वाचला.

पण त्या गप्प बसल्या नाहीत. "सर, थोडं थांबता?" त्या म्हणाल्या. मग वर्गाकडे वळून ठामपणे सांगितलं, "मिरचीचा भाव वाढला की लोक मिरची खाणं सोडून देतात. घराघरात बिनतिखटाची भाजी होते. समजलं का?"

"हो मॅडम!" वर्ग एका सुरात म्हणाला. तोच जुना, माझ्या आवडीचा सूर. आज मात्र तो ऐकून मला कसंसंच झालं.

"सर, मी आत्ता साफ चुकीचं सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "ते चुकीचं आहे हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मिरचीच्या बाजारात वाढलेली मुलं आहेत ही. तरी हो म्हणाली. माझ्यासाठी गप्प बसली, त्यांचा जीव आहे माझ्यावर. पण असा वर्ग मला वाचवायचा नाही. असा द्यायचा असेल तर खुशाल कोणालाही द्या."

 तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हाई खोटं शे!"

पूनम उभी होती. "मिरची महाग व्हयनी तरी लेनीच पडस. बिगर मिरचीनी भाजी कोन खास?"

"वर ये," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना दिसेल असं सांग."

ती आली. माझ्यावर चढली. मित्रांनो, तोवर माझ्यावर मुलं चढायची ती शिक्षा म्हणून उभं राहायला. काही सांगायला कोणी चढलं नव्हतं. तिच्या साध्या चपला होत्या आणि सुरुवातीला त्या टाचेशी घासत होत्या. बोलता बोलता ते थांबलं. तिने फळ्यावर रेघ काढली. तेवढ्यात युवराजला राहवलं नाही. "लेतस, पन कमी लेतस!" तो ओरडला. "मना आबा मिरची इकतस, माले ठाऊक शे. किलोनी जागावर पाव किलो लेतस." "मंग सफरचंद?" पूनमने तिथूनच त्याला विचारलं. "सफरचंद महाग व्हयनं ते बंदच!" "मंग तेच सांगी ऱ्हायनू मी! मिरची कमी करतस, सफरचंद सोडी देतस."

आणि वर्गाला तोंड फुटलं. सगळीकडे वाद. कोणी मिठाचं उदाहरण काढलं, कोणी पेट्रोलचं. एकाने तर थेट अभिमन सरांनाच विचारलं, "सर, तुमच्या घरी काय करतात?" सर पुन्हा बाकावर बसले आणि नकळत आपल्या गावच्या बोलीत उतरले, "आमनाकडे बी तेच शे. मोजीसन वापरतस, पन बंद नही करतस." वर्ग खदखदून हसला. सर स्वतःही हसले.

गोंधळ ऐकून हितेंद्र सर दारात आले. नेमकं त्याच वेळी युवराज म्हणत होता, "मॅडम, लवचिकतानी व्याख्या माले पाठ होती. हितेंद्र सरस्नी लिही देयेल होती. पन ती आमना मिरचीनी गोट शे, हाई आज समजनं." सरांनी ते ऐकलं. आल्या पावली परत गेले. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

जाताना अभिमन सर मॅडमना म्हणाले, "वर्ग तुमच्याकडेच राहू द्या. दार तेवढं लावून घेत चला."

पुढच्या आठवड्यात मॅडम रजेवर होत्या, म्हणून सात नंबरमध्ये हितेंद्र सरांचा तास होता. नेहमीसारखेच छान बोलले. शेवटी माझ्या मधोमध थांबले. "समजलं का?"

"हो सर!"

"नाही सर," मागून पूनम म्हणाली. "नाही समजलं."

 सरांचं सगळं वजन माझ्यावर होतं. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी खडू ठेवला, माझ्यावरून खाली उतरले आणि मधल्या वाटेने थेट तिच्या बाकापाशी गेले. "सरक बेटा," असं म्हणून तिच्या शेजारी बसले. "कुठून नाही समजलं? सांग."

मित्रांनो, मला अधूनमधून तेल लावा, निघालेले खिळे ठोका, सरपण करून टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. माझ्यावर उभं राहून कोणी 'समजलं का?' असं विचारलं आणि तुम्हाला समजलं नसेल, तर 'हो' म्हणू नका. तुमचं 'नाही' ऐकून तो माणूस मला सोडून खाली तुमच्याकडे आला, तर मला मुळीच वाईट वाटणार नाही.